भूकंप आणि झुळूक यांचा निरोगी संसार

१३ फेब्रुवारी १९८९, सोमवार

ही वही मला डॉक्टर पेटिग्रू नावाच्या माणसाने पाठवली आहे. रोज संध्याकाळी हिच्यात ‘आज मला काय वाटलं’ ते लिहायचं, असा हुकूम आहे. आज मला भूक लागली. झालं.

नाही, एवढ्यावर भागायचं नाही. आजचा प्रकार कुठेतरी ओकून टाकलाच पाहिजे.

अठ्ठावीस वर्षं मी ‘कॅप्टन भूकंप’ हे कॉमिक लिहितोय. पाय आपटला की जमीन हादरते असा हा गडी. या काळात मी त्याच्या सहा प्रेयसी मारल्या. एक ज्वालामुखीत, एक अंतराळात, एक आगगाडीखाली, दोघी खलनायक डॉक्टर गंजच्या हातून, आणि सहावी कशी गेली ते मीच विसरलो होतो, ते एका वाचकाने पत्राने कळवलं. सातवी झुळूक. वारा तिच्या मुठीत असतो. तिचं भूकंपशी लग्न लावलं तेच मुळी नंतर मारताना लोकांना जास्त वाईट वाटावं म्हणून. जूनच्या अंकात तिचा नंबर होता.

आज मॅनहॅटनला ऑफिसात गेलो तर आमची संपादक कॅथलीन डफी दार लावून बसली. वय एकोणतीस. मी लिहायला लागलो तेव्हा ही पाळण्यात होती.

“मॉर्ट, झुळूकला मारायचं नाही.”

“बरं. जखमी करतो.”

“नाही.”

“स्मृती जाते. नवऱ्याला ओळखतच नाही. वाचक ढसाढसा रडतात.”

“मॉर्ट, खेळण्यांच्या कंपनीने दोघांच्या बाहुल्या काढल्यात. एकाच खोक्यात. हात हातात घेतलेले, आणि ते हात सुटत नाहीत, साच्यातच तसे आलेत. नाताळात दुकानांत जाणार. खोक्यावर ‘जगातलं सर्वांत सुखी जोडपं’ असं छापूनही झालंय. तेव्हा सहा अंक ही दोघं सुखी राहिली पाहिजेत.”

“सुखी माणसांची गोष्ट होत नाही गं बाई!”

“तुम्हाला ती येत नाही, असं म्हणा,” कॅथलीन म्हणाली, आणि तिने मला डॉक्टर पेटिग्रूंच्या हवाली केलं. ते नवरा-बायकोची भांडणं सोडवतात. कंपनीने त्यांना भूकंपचा संसार निरोगी करायला नेमलंय.

घरी येऊन रोझलिनला सांगितलं. ती ‘कॅप्टन भूकंप’ची चित्रकार आणि एकतीस वर्षं माझी बायको. ती इतकी हसली की हातातली पेन्सिल खाली ठेवावी लागली. “तू? तू लिहिणार निरोगी संसार?” यात हसण्यासारखं काय ते मला कळलं नाही. टेबलावर पोर्टलंडच्या कुठल्याशा चित्रशाळेचं जाडजूड पाकीट पडलं होतं. त्यावर मी कॉफीचा कप ठेवला तर तिने तो उचलला आणि पाकीट पुसलं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

पेटिग्रूंची पहिली बैठक. माणूस मवाळ आहे, तपकिरी स्वेटर घालतो, आणि भूकंप खराखुरा असल्यासारखा बोलतो.

“भांडण झालं की कॅप्टन पाय आपटतात का हो?”

“ती त्यांची शक्ती आहे.”

“अंक १९३ मध्ये जेवण थंड आहे म्हणून त्यांनी पाय आपटला आणि तीन हजार लोक बेघर झाले. झुळूकबाईंना यानंतर मोकळेपणी बोलता येत असेल असं वाटतं तुम्हाला?”

मग त्यांनी एक कागद काढला. झुळूक आल्यापासूनचे सगळे अंक वाचून त्यांनी मोजलं होतं. भूकंपने बायकोला आजवर एकूण चार प्रश्न विचारले. तीन वेळा “बॉम्ब कुठे आहे?” आणि एकदा “तू जिवंत आहेस?”

“चौथा चांगला आहे,” मी म्हणालो.

“उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत,” पेटिग्रू म्हणाले.

आज काय वाटलं: राग. पण तो मोजण्याबद्दल. इतकी वर्षं माझं लिखाण इतक्या बारकाईने कुणी वाचलं नव्हतं.

२ मार्च, गुरुवार

आमच्या कामाची रीत बाहेरच्यांना सांगितली की ते चक्रावतात. मी आधी दोन पानांत गोष्ट सांगतो. रोझ बावीस पानं पेन्सिलीने काढते, एक शब्द नसतो त्यात. ती मूळ पानं मॅनहॅटनला ऑफिसात जातात, तिथे त्यांची झेरॉक्स निघते, आणि ती झेरॉक्स टपालाने मला येते. मी तिच्यावर फुगे आखतो आणि फुग्यांतलं बोलणं टाईप करून पाठवतो. मग अँब्रोज टिल्मन मूळ पानांवर सुबक अक्षरांत ते उतरवतो. म्हणजे बायको शेजारच्या खोलीत चित्र काढते, ते नदीपलीकडे जातं आणि चार दिवसांनी माझ्या टपालपेटीत येतं. रोझच्या खोलीत जाऊन बघावं असं मला कधी वाटलं नाही. नियम म्हणजे नियम.

पहिल्या निरोगी अंकाची झेरॉक्स आज आली. मी लिहून दिलं होतं: ‘डॉक्टर गंज धरण फोडायला निघालाय. त्याआधी नवरा-बायको एकमेकांशी नीट बोलतात.’ रोझने चांगलं काढलंय. फक्त प्रत्येक पानावर झुळूकच्या पायाशी एक प्रवासी बॅग. कारण काही नाही. मी प्रत्येक बॅगेवर एकेक फुगा टाकून ती झाकली. भूकंपला बोलायलाही जागा मिळाली. एका फुग्यात तर एक्काहत्तर शब्द बसले. निरोगी नवरा मोकळेपणी बोलतो, असं पेटिग्रूंनीच सांगितलं होतं.

जेवताना रोझ म्हणाली, “मॉर्ट, सप्टेंबरपासून मी...”

“सप्टेंबरचा अंक अजून लांब आहे गं,” मी म्हटलं, आणि धरणाचं काय करायचं ते तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. चांगली श्रोती आहे ती.

२१ मार्च, मंगळवार

पेटिग्रूंचे शेरे आले. धरण फुटत असताना भूकंप झुळूकला न विचारता उचलून नेतो, हे चुकीचं. “तिला उडता येतं. आधी विचारा.” म्हणून आता असं झालंय: डॉक्टर गंज हातात सुरुंग घेऊन सात चौकटी उभा आहे, आणि नवरा-बायको ‘मी तुला उचललं तर तुला कसं वाटेल’ यावर बोलतायत. शेवटी गंजच कंटाळून विचारतो, “मी नंतर येऊ का?”

कॅथलीनला आवडलं. मला वाटतं मी हळूहळू वेडा होतोय.

नमुन्यासाठी स्वतःच्या घराकडे बघितलं. एकतीस वर्षांत रोझचं आणि माझं एकही भांडण नाही. मी बोलतो, ती ऐकते. हे मी पेटिग्रूंना अभिमानाने सांगितलं. त्यांनी स्वेटरची बाही खाली ओढली आणि काहीतरी लिहून घेतलं. मला ते वाचू दिलं नाही.

१० एप्रिल, सोमवार

दुसऱ्या अंकाची झेरॉक्स. बॅग आता भलतीच वाढलीये. आकाशात उडणाऱ्या झुळूकच्या हातात बॅग. राष्ट्राध्यक्षांकडून पदक घेताना बॅग. एका पानावर तर नुसती बॅगच, अख्ख्या पानभर! तिथे कुठला फुगा टाकणार? मग माझ्यातला जुना लेखक जागा झाला. मी लिहिलं: ‘भूकंपला ठाऊक नव्हतं, की त्या बॅगेत बॉम्ब होता!’

टाईप केलेली पानं रोझने वाचली. मी तेव्हा काकडीचं लोणचं घालून सँडविच खात होतो.

“बॅगेत बॉम्ब आहे होय?”

“रहस्य नको का काही?”

“बॉम्ब नाहीये, मॉर्ट. स्वेटर आहेत.”

“स्वेटर! स्वेटरसाठी कोण कॉमिक विकत घेईल?”

तिने पानं खाली ठेवली. “पेटिग्रू काय म्हणतात? कॅप्टनने प्रश्न विचारायचे ना?”

“विचारलाय की. पान सतरा. ‘बॉम्ब कुठे आहे?’”

रोझ उठून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार जोरात नाही आपटलं, हळूच लावलं. बहुतेक तिला सर्दी होतेय.

२४ एप्रिल, सोमवार

अँब्रोजने दुपारी जेवायला बोलावलं. हे आजवर झालेलं नाही. एकोणीस वर्षं हा माणूस माझे शब्द लिहितोय आणि आम्ही फोनवर फक्त ‘फुगा लहान कर’ आणि ‘शब्द कमी कर’ एवढंच बोललोय. त्याने सूप मागवलं आणि ते पिण्याऐवजी माझ्याकडे बघत बसला.

“हे बघ मॉर्ट, मी अक्षरं काढणारा. कुणाच्या घरात तोंड घालत नाही. पण त्या बॅगेत तू बॉम्ब टाकलास, आता मला गप्प बसवत नाही. तू तिला उत्तर का देत नाहीस?”

“कुणाला?”

“तुझ्या बायकोला. कडेला लिहिते ना ती.”

“कशाच्या कडेला?”

अँब्रोजने चमचा खाली ठेवला. “निळ्या पेन्सिलीने. पानांच्या कडेला. मूळ पानांवर. अरे, मी आलो तेव्हापासून लिहिते ती!”

इथे सांगायला हवं. आमच्या धंद्यात एक फिकट निळी पेन्सिल असते. तिने काढलेलं झेरॉक्समध्ये उमटत नाही आणि छपाईतही येत नाही. चित्रकार तिने कच्च्या रेघा मारतात. मी आयुष्यभर झेरॉक्स बघितली. अँब्रोज आयुष्यभर मूळ पानं बघतोय.

“मला वाटायचं तू वाचतोस आणि कानाडोळा करतोस,” तो म्हणाला. “नवरे करतात तसं. माझी बायको म्हणायची, काय दगड माणूस आहे हा. दोनदा मी स्वतःच उत्तर लिहायला निघालो होतो.”

सूपचं काय झालं आठवत नाही.

२५ एप्रिल, मंगळवार

ऑफिसच्या तळघरात जुनी पानं ठेवलेली असतात. कॅथलीनने किल्ली दिली, काही विचारलं नाही. मी खोक्यावर बसून सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत वाचलं. बल्बजवळ धरलं की निळं दिसतं.

‘मॉर्ट, इथे दोन शब्द पुरेत.’

‘मॉर्ट, मी हिचा चेहरा तीन दिवस काढलाय. वर फुगा टाकू नको रे.’ मी टाकला होता. ‘खबरदार, पाप्यांनो!’ असं होतं त्यात.

‘मॉर्ट, आई जाऊन आज वर्ष झालं. ही चौकट शांत ठेव.’ त्या चौकटीत मी डॉक्टर गंजच्या पोपटाचा विनोद घातला होता. लोकांना आवडला होता तो विनोद. मीही तिला तो दोनदा वाचून दाखवला होता.

‘मॉर्ट, तिला विचार ना काहीतरी.’ हे किती पानांवर आहे ते मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

आणि या महिन्यातलं, पानभर बॅगेच्या खाली, बारीक अक्षरांत: ‘पोर्टलंडची शाळा मला शिकवायला बोलावतेय. दोन वर्षं. एक मेपर्यंत कळवायचंय. मला जायचंय. तुला काय वाटतं ते मला ऐकायचंय, पण आधी तू विचारायला हवंस.’

मी तिथेच बसून रडलो. वहीत हेच लिहायचं असतं ना, काय वाटलं ते? लाज वाटली. नुसती लाज नाही. भीती. एक मेला सहा दिवस आहेत.

२६ एप्रिल, बुधवार

सकाळी रोझच्या खोलीचं दार ठोठावलं. एकतीस वर्षांत मी ते कधी ठोठावलं नव्हतं, बाहेरूनच ओरडत असे. तिने “काय हवंय?” विचारलं. मी म्हणालो, “बसू का?” ती इतकी दचकली की तिला वाटलं कुणीतरी गेलं.

“निळ्या पेन्सिलीतलं वाचलं,” मी म्हणालो. “काल. सगळं.”

तिने टेबलावरचं पान उलटं ठेवलं.

“रोझ, तुला ठाऊक नव्हतं का की झेरॉक्समध्ये ते येत नाही?”

“मी तीस वर्षं चित्रं काढते मॉर्ट. मला ठाऊक नसेल?”

“मग लिहायचीस कशाला?”

“कुठेतरी लिहायला हवं होतं.” तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. “आणि पानं चार-चार दिवस इथेच असायची. या टेबलावर. मधे एक भिंत. वाटायचं, एखाद दिवशी आत येशील आणि म्हणशील, बघू काय काढलंस.”

मला सांगायचं होतं की नियम आहे, झेरॉक्स ऑफिसातूनच येते. तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. गिळताना दुखतं, हे डॉक्टर पेटिग्रूंनी सांगितलं नव्हतं.

मग मी विचारलं, “पोर्टलंडला तुला काय करायचंय?”

आणि गप्प बसलो. ती अकरापर्यंत बोलली. मी काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

शेवटी मी म्हणालो, “मला तू गेलेली नकोयस. पण तू जावंस असंही वाटतं. दोन्ही.” तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिची बोटं निळी होती.

१ मे, सोमवार

रोझने पोर्टलंडला होकार कळवला. मी पाकिटाला तिकीट लावलं. उलटं लागलं. तिने चालेल म्हटलं.

१२ मे, शुक्रवार

तिसऱ्या अंकातले बहुतेक फुगे मी काढून टाकले. आधीचा बॉम्बही रद्द केला. आता बॅग उघडते आणि आतून स्वेटर निघतात. भूकंप विचारतो, “कुठे निघालीस?” आणि पुढची पाच पानं झुळूक सांगते.

कॅथलीनचा फोन. “मॉर्ट, तब्येत बरी आहे ना? तुम्ही बावीस पानांत दीडशे शब्द लिहिलेत.”

“जास्त झाले का?”

पेटिग्रूंनी शेरा पाठवला, एकच शब्द: ‘छान.’ खेळण्यांची कंपनी मात्र बिथरलीये. झुळूक दुसऱ्या गावी जाणार असेल तर एका खोक्यातली बाहुली कुठे जाणार? त्यांच्या वकिलाने विचारलंय, दोघं वेगवेगळ्या गावी राहूनही ‘जगातलं सर्वांत सुखी जोडपं’ राहू शकतात का. कॅथलीनने ते पत्र पेटिग्रूंना दिलं. पेटिग्रूंनी ते मला दिलं. मी ते फ्रीजवर चिकटवलंय.

८ जुलै, शनिवार

रोझला विचारलं, “मी यायचं का तिकडे? सहावा अंक संपला की, ऑक्टोबरात?”

ती म्हणाली, “विचार करते.”

आधीचा मी असतो तर लगेच तिचं उत्तर मीच दिलं असतं, आणि ते हो असतं. आज भांडी घासली. एक कप फोडला.

१९ ऑगस्ट, शनिवार

रोझ गेली.

सनीसाइडमधलं आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, “बॅग मी उचलू का?” विचारून. ती म्हणाली, “उचल.” दुसऱ्या मजल्यावर माझी कंबर धरली. अठ्ठावीस वर्षं मी धरणं आणि जहाजं उचलणारा माणूस लिहिला, आणि त्याने बायकोची बॅग एकदाही उचलली नव्हती. आता कळतं का. फार जड असते.

“किती स्वेटर भरलेत गं?”

“सगळे.”

टॅक्सीवाल्याने डिकी उघडून धरली, मला ताठ उभं राहता येईना. रोझ हसली, मग रडली, मग पुन्हा हसली आणि गेली. मी कंबरेला हात लावून रस्त्यात वाकून उभा होतो. शेजारच्या मिसेस ओ’ड्वायर म्हणाल्या, “काही हरवलंय का?”

वर आलो तर माझ्या टेबलावर सहाव्या अंकाचं शेवटचं पान. झेरॉक्स नाही, मूळ पान. भूकंप बॅग खांद्यावर घेऊन जिना उतरतोय, जरा वाकलाय. पुढे झुळूक मागे वळून बघतेय. तिच्या तोंडाशी एक फुगा, रोझनेच आखलेला, रिकामा. आणि कडेला निळ्या पेन्सिलीने: ‘हा माझा आहे. भरू नकोस. तिथून कळवते.’

२१ ऑगस्ट, सोमवार

सकाळभर त्या फुग्यासमोर बसलो. सतरा वाक्यं सुचली. त्यांतली चार तर फारच भारी होती. एकही लिहिलं नाही. कंबरेला गरम पाण्याची पिशवी बांधून पान स्वतः ऑफिसात नेऊन दिलं.

“यात काय आहे?” कॅथलीन.

“काही नाही.”

“मॉर्ट, रिकामा फुगा छापला तर छापखान्याची चूक वाटेल.”

“वाटू दे. तो तिचा आहे.”

अँब्रोज शेजारीच बसला होता. त्याने पान घेतलं, कड वाचली, चष्मा पुसला आणि रिकाम्या फुग्याची रेघ दोनदा शाईने पक्की केली.

१८ सप्टेंबर, सोमवार

पोर्टलंडहून पाकीट आलं. आत पत्र नाही. फुग्याच्या आकाराचा कापलेला कागद, शेपटीसकट. त्यावर रोझच्या अक्षरात:

‘ये. ऑक्टोबरात इथे थंडी असते. स्वेटर आण.’

काळ्या शाईत लिहिलंय. खाली जाऊन त्याची झेरॉक्स काढून बघितली. एकूण एक अक्षर उमटलं.

माझ्याकडे दोन चांगले स्वेटर आहेत आणि तिसऱ्याच्या कोपरावर भोक आहे. तिन्ही भरतोय.